‘जिल्हा सातारा’ : मॉरिशसच्या नोंदींतील गावाचा शोध

१८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी भाषकही होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात वंशजांना पूर्वजाचे नाव, वय, गाव सापडते; परंतु नोंद रोमन लिपीत, उच्चार ऐकून केलेली. तीत ट-त, ड-द, ण-न, ळ-ल हे भेद लोपतात. म्हणून गावनामाचे सर्व संभाव्य उच्चार प्रथम मांडावेत. ‘जिल्हा सातारा’ वाचून केवळ आजच्या साताऱ्यात शोधणे ही तर नेहमीची चूक. वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आडनावावर मात्र विसंबू नये : मूळ स्थलांतरिताचे व्यक्तिनामच तेथे पुष्कळदा आडनाव होऊन बसले आहे.