रिकाम्या तिजोरीची कबुली

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाल्याचे मंत्रालयाच्या दप्तरी पुष्कळ आधी नोंदले जाते. 2017 साली पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या धायरीसारख्या गावातील करदात्याला मात्र ते तेव्हाच उमगते, जेव्हा अनुदानाचा हप्ता अडतो, कंत्राटदाराचे बिल थकते आणि दारापुढचा खोदलेला रस्ता पावसाळ्यातही तसाच उघडा राहतो. म्हणूनच आपल्या आर्थिक दुरवस्थेची कबुली शासनाने केव्हा द्यावी, हा प्रश्न अर्थशास्त्र्यांइतकाच सामान्य नागरिकाचाही आहे.

महाराष्ट्राने अशा दोन कबुल्या पाहिल्या आहेत. 1999 साली युतीची सत्ता जाऊन विलासराव देशमुखांचे आघाडी सरकार अधिकारारूढ झाले आणि अर्थमंत्री जयंत पाटील यांनी राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. ही कबुली राजकीय दृष्ट्या स्वस्त होती. कारण तिजोरी रिकामी केल्याचा दोष मागील सरकारच्या खाती मांडता येत होता.

दुसरी कबुली महाग पडणारी होती. 2004 च्या निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचे आश्वासन दिले. त्यावर मात करण्यासाठी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने कृषिपंपांची वीज निवडणुकीपूर्वीच मोफत करून टाकली. ऑक्टोबरात आघाडी विजयी झाली, देशमुख पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि 2005 साली, हा भार पेलवत नसल्यामुळे, त्यांच्या सरकारला ती सवलत मागे घ्यावी लागली. या वेळी बोट दाखवायला पूर्वीचे विरोधी सरकार नव्हते. विश्वासघाताचा आरोप थेट सत्ताधाऱ्यांवर आला. तथापि सरकार टिकले, आणि 2009 साली तीच आघाडी पुन्हा निवडून आली.

कबुलीने सरकार कोसळतेच असे नाही, हे 1991 सालीही दिसले होते. पूर्वी रामटेकचे खासदार राहिलेल्या नरसिंह रावांच्या अल्पमतातील सरकारचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी 24 जुलैच्या अर्थसंकल्पात, परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम पंधरवड्याच्या आयातीला पुरेल, हे संसदेला स्पष्ट सांगितले. त्या सत्यकथनापेक्षा मोठा गदारोळ उठला तो खतांच्या 40 टक्के दरवाढीवर. स्वपक्षीय खासदारही बिथरले आणि ती वाढ 30 टक्क्यांवर आणावी लागली. संकट आहे हे लोक समजून घेतात. त्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो, यावरून ते खवळतात.

परंतु मतदान उरकल्यावर दिलेली कबुली मतदाराच्या काय कामाची? 2024 च्या विधानसभा निवडणुकीत लाडक्या बहिणींचे दरमहा 1500 रुपये 2100 करण्याचे वचन महायुतीने दिले. पुढील वर्षीच्या अर्थसंकल्पात त्या वाढीची तरतूद आली नाही. दीनदुबळ्यांना साहाय्य करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, आणि म्हणूनच त्याचा जमाखर्चही चोख असला पाहिजे. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी राज्याच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका विधिमंडळापुढे आलीच पाहिजे, असा कायदा व्हावा. आणि तो होईपर्यंत मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न पाहता, पैसा कोठून आणणार हे आपण विचारलेच पाहिजे.