मित्र बुरशी

बुरशी म्हटली की बागाईतदाराच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविकच आहे. पांढुर्णा व सौसर या तालुक्यांत संत्र्याचे झाड म्हणजे घरातले कमावते माणूस. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पण जिल्हा बदलला म्हणून माती बदलत नाही. पावसाळ्यात काळ्या भारी जमिनीत पाणी साचते, झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागतो, पाने पिवळी पडतात आणि बहरलेले झाड दोनतीन वर्षांत वाळते. हाच डिंक्या आणि मूळकूज.

या रोगाचे कारण फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्म जीव. शास्त्राच्या काटेकोर भाषेत तो खरी बुरशी नव्हे, बुरशीसारखा दिसणारा एक निराळाच वंश आहे. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत जातात आणि कोवळी तंतुमुळे गाठतात. ज्या जंबेरी खुंटावर संत्र्याचे कलम बांधण्याची जुनी चाल आहे, तो खुंट तर या रोगाला लवकर बळी पडतो.

परंतु मातीत शत्रू असतात तसे मित्रही असतात. ट्रायकोडर्मा ही हिरवट रंगाची बुरशी त्यांपैकीच एक. तिचे धागे रोगकारक बुरशीच्या धाग्यांभोवती वेलीसारखे वेटोळे घालतात, विशिष्ट स्राव सोडून त्यांचे कवच विरघळवतात आणि आतला अन्नरस शोषून घेतात. शिवाय मुळाभोवतीची जागा व अन्न ती आधीच व्यापते, त्यामुळे शत्रूला पाय ठेवायला ठाव उरत नाही. एक बुरशी दुसरीला अशी खाऊन टाकते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले.

किडींवर चालणाऱ्या बुरशींचा इतिहास तर याहून जुना. इटलीतील रेशमाचे किडे पांढरी भुकटी फासल्यासारखे होऊन मरत. त्यामागे एक बुरशी आहे, असे आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये सिद्ध केले. तीच आजची बिव्हेरिया बॅसियाना. जी बुरशी रेशीम उत्पादकाला शाप ठरली, तीच इतर शेतकऱ्यांच्या उपयोगी पडली. तिचा बीजाणू किडीच्या त्वचेला चिकटतो, तेथेच रुजतो आणि आत शिरून काही दिवसांत किडीचा अंत करतो. हुमणीसाठी मेटारायझियम ही तिचीच हिरवी बहीण वापरतात. रेशीम उद्योग जवळ असेल तेथे मात्र बिव्हेरियापासून दूर राहावे, हे उघडच आहे.

हा उपाय जादूचा नव्हे. तो वेळेवर आणि रीतीने केला तरच फळतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, ओलावा राखून, सावलीत काही दिवस वाढू द्यावी आणि मग झाडाच्या आळ्यात द्यावी. बियाण्याला चोळावयाची झाल्यास किलोमागे साधारण ४ ते ५ ग्रॅम पुरते. बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त औषधाबरोबर ती कधीही एकत्र करू नये, कारण जे औषध शत्रूला मारते ते मित्रालाही मारते. बिव्हेरियाची फवारणी संध्याकाळी, हवेत ओलावा असताना करावी. प्रखर उन्हात बीजाणू जगत नाहीत. पुडीवरील नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहूनच माल घ्यावा. आणि झाड पूर्ण वाळल्यावर कोणताही मित्र त्याला परत आणू शकत नाही. म्हणूनच बुंध्यापाशी पाणी साचू न देणे, ही पहिली दक्षता.

मग इतका खटाटोप कशासाठी? याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली दिले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि कित्येकांचे प्राण गेले. अनेकांना सरकारी रुग्णालयाचाच आधार होता. विषाच्या बाटलीवर छापलेली किंमत ही तिची खरी किंमत नव्हेच. रुग्णशय्या, औषधे, डॉक्टरांचे श्रम यांचा खर्च कोणाला तरी भरावा लागतो: एक तर सार्वजनिक तिजोरीला, नाही तर शेत गहाण टाकणाऱ्या कुटुंबाला. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते, ही मोठीच सोय आहे. तथापि मजुराची बुडालेली रोजी ती भरून देत नाही, आणि गेलेला माणूस तर नाहीच नाही.

तेव्हा आरोग्यसेवेचा पैसा कोठून आणावा, या प्रश्नाचा एक भाग शेताच्या बांधावरच सुटू शकतो. जो आजार टळला त्याच्यावर ना सरकारचा पैसा खर्च होतो, ना गरिबाचा. मित्र बुरशीने सर्व विषे एका हंगामात हद्दपार होतील, असे कोणी समजू नये. पण चार फवारण्यांपैकी दोन जरी वाचल्या, तरी पाठीवर पंप बांधून कपाशीच्या ओळींतून चालणाऱ्या मजुराच्या श्वासात तेवढे विष कमी जाईल. शेणखताचा ढीग आणि ट्रायकोडर्माची एक पुडी यांच्या मोलाचा हिशेब करताना हा लाभही जमेच्या बाजूला मांडला पाहिजे.