रुमाल आणि तसबीर : सैनिकाच्या संशयाचे नाट्य

सत्तरीतल्या अनेक गावांत देवळाच्या आवारात किंवा जुन्या झाडाखाली वीरगळ उभे असतात. आपण ते लहानपणापासून पाहत आलो आहोत. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला वीर, अशी त्यांची साधारण मांडणी. हा दगड लढाईत पडलेल्याचा. त्याच लढाईतून जिवंत परतलेला, पुन्हा शेतात उतरलेला, पण रात्री पान वाजले तरी दचकून उठणारा जो कोणी असेल, त्याची नोंद या दगडावर नाही. ती रंगभूमीने ठेवली आहे. वाळपईच्या वाचकांपुढे आज तीच उलगडायची आहे.

रहस्यकथेत गुन्हा कोणी केला, हे शोधायचे असते. मानसशास्त्रीय थरारकथेत प्रश्न निराळा असतो : या माणसाला जे दिसते आहे, ते खरे आहे का? नायक सैनिक असला की हा प्रश्न अधिक बिकट होतो. संशय घेणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग असतो. झुडूप हलले तर वारा असेल म्हणून दुर्लक्ष करणारा पहारेकरी फार दिवस जगत नाही. पण आघाडीवर जीव वाचवणारी ही सवय घराच्या उंबऱ्याशी आपोआप उतरत नाही.

मराठीत या विषयाचे एक जुने उदाहरण शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचे भाषांतर केले. पुढे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये त्याला ‘झुंजारराव’ हे मराठी रूप दिले आणि गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजवली. देवलांनी नायकाच्या नावातच झुंज ठेवली.

हे नाटक आपण मत्सराची शोकांतिका म्हणून वाचतो. ते चूक नाही. परंतु मूळ नाटकातील एक गोष्ट लक्षात घ्या. ऑथेल्लोला सायप्रस बेटावर तुर्कांशी लढायला पाठवतात. तो पोहोचतो तेव्हा वादळात तुर्कांचे आरमार मोडून गेलेले असते. लढाई होतच नाही. लहानपणापासून छावणीत वाढलेला हा सेनापती शत्रूसाठी सज्ज आहे आणि समोर शत्रूच नाही. अशा वेळी त्याचा विश्वासू सहकारी इयागो त्याच्या कानाशी लागतो आणि शत्रू घरातच असल्याचे सुचवतो. रणांगणावर ज्याच्या शब्दावर जीव सोपवायचा, त्याच्यावर सैनिक नव्या संसारातल्या पत्नीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. पुराव्याला एक हरवलेला रुमाल पुरतो. शंका आली की लगेच निकाल लावायचा, ही युद्धातली शिस्त तो शयनगृहात पाळतो आणि निरपराध डेस्डेमोना मारली जाते.

आता देवलांचेच दुसरे नाटक आठवा. गोव्यातल्या नाट्यरसिकांना ‘संशयकल्लोळ’ सांगायला नको. १८९३ च्या सुमाराचे त्याचे गद्य रूप ‘तसबिरीचा घोटाळा’ या नावानेही ओळखले जाते. पदांसह ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. तिथेही संशयी नवरा आहे, निर्दोष बायको आहे आणि खोटा पुरावा ठरणारी एक वस्तू आहे. रुमालाच्या जागी तसबीर. मग एका नाटकात प्रेत पडते आणि दुसऱ्यात आपण पोट धरून हसतो, ते का?

एक कारण उघड आहे : फाल्गुनराव घरंदाज गृहस्थ आहे, तलवारीला सरावलेला नाही. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. फाल्गुनरावाच्या घरात सगळे बोलतात. कृत्तिका उलट विचारते, भांडते, स्वतःही संशय घेते. शेवटी सारी माणसे समोरासमोर येतात आणि तसबीर कुठून कुठे गेली याचा उलगडा होतो. ‘ऑथेल्लो’त नेमके हेच घडत नाही. ज्या कॅसिओवर आरोप आहे, त्याला ऑथेल्लो सरळ विचारत नाही, आडून ऐकतो. आणि इयागोची बायको एमिलिया! रुमाल तिनेच उचलून नवऱ्याला दिला होता. ऑथेल्लो त्या रुमालासाठी पत्नीवर संतापतो, तेव्हा ती तिथेच हजर असते. ती गप्प राहते. बोलते तेव्हा वेळ गेलेली असते. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो या गप्प बसण्यामुळे.

युद्धानंतरच्या या मनःस्थितीला वैद्यकाने नाव द्यायला बराच काळ घेतला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. त्याच वर्षाच्या अखेरीस मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत, जवळजवळ पाच महिने, उपासमारीत अडकले. आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले ते १९८० साली. सतत सावध राहणे, झोप न लागणे, दुःस्वप्ने, जुना प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटणे, ही त्याची लक्षणे. सर्वच सैनिकांना हा विकार होत नाही आणि ज्यांना होतो ते सगळे हिंसक नसतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑथेल्लोला या विकाराचा रुग्ण ठरवण्याचेही कारण नाही. त्याला फसवणारा खराखुरा माणूस आहे आणि व्हेनिसमध्ये तो परका आहे. शिवाय मनाची जखम हे खुनाचे समर्थन होत नाही.

आजचा सिनेमा हीच कथा आतून दाखवतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘शटर आयलंड’ (२०१०) मध्ये दुसऱ्या महायुद्धात डाखाऊची छळछावणी पाहिलेला एक माणूस १९५४ साली बेटावरच्या मनोरुग्णालयात तपासाला येतो. आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो, म्हणून प्रत्येक डॉक्टर कटात सामील वाटतो. शेवटी उमगते की तो स्वतःच तिथला रुग्ण आहे. नाटकात आपल्याला सत्य आधीपासून ठाऊक असते, म्हणून नायकाचा राग येतो. चित्रपटात त्याचा संशय आपलाही होतो, म्हणून त्याची भीती कळते. घरच्यांना या दोन्ही दृष्टींची गरज असते : त्याची भीती त्याच्यापुरती खरी आहे हे मानायचे आणि त्याचा आरोप मात्र खरा मानायचा नाही.

संशयाची किंमत आपल्या सत्तरीला नवी नाही. शिगम्याच्या दिवसांत झर्मे आणि करंझोळ येथे होणाऱ्या चोरोत्सवामागे अशी कथा सांगतात की, परगावच्या निरपराध माणसांना चोर समजून गावकऱ्यांनी मारले आणि चूक कळल्यावर ती विसरायची नाही असे ठरवले. तिथे तर एकटा सैनिक नव्हे, अख्खा गाव संशयाने आंधळा झाला होता.

आपल्यापैकी काही घरांत फौजेतून, पोलिसांतून निवृत्त झालेले काका, भाऊ, जावई असतील. ते रात्री तीनदा कडी तपासतात, बायकोचा फोन चाळतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो म्हणतात. आपण “स्वभावच तसा” म्हणून सोडून देतो, किंवा घाड्याकडे जातो, आणि वहिनीला सांसभाळून घ्यायला सांगतो. डेस्डेमोनानेही सांभाळूनच घेतले होते. तिला हवी होती ती वेळेवर बोलणारी एमिलिया. त्या वहिनीला एकटीने दिवस काढायला लावू नये. धोका वाटला तर आधी तिची आणि मुलांची सोय लावावी. त्या माणसाशी, तो शांत असताना, मायेने बोलावे आणि उपचाराला न्यावे. बांबोळीची मानसोपचार संस्था वाळपईहून काही परदेशात नाही.

रुमाल कुणी उचलला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पडदा पडायच्या आत बोलावे.