एकदम की हळूहळू?

(धूम्रपानाची सवय सोडताना बिडी-सिगारेट एका दिवशी पूर्णपणे बंद करावी, की रोज थोडी थोडी कमी करत जावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. या पाठात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.)

मुलांनो, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' अशी मराठीत एक म्हण आहे. म्हणी अनुभवातून तयार होतात, म्हणून त्या बहुधा खऱ्या असतात. पण तंबाखूच्या बाबतीत ही म्हण पूर्ण खरी नाही. वर्षानुवर्षे बिडी ओढून ती कायमची सोडलेली माणसे तुमच्या मोहल्ल्यातही असतील. त्यांना विचारा, "तुम्ही बिडी कशी सोडली?" कोणी म्हणेल, "एके दिवशी ठरवले आणि बंडल फेकून दिले." कोणी म्हणेल, "रोज एकेक कमी करत गेलो." मग या दोन मार्गांपैकी कोणता चांगला?

हे ठरवण्याआधी बिडी सुटत का नाही, ते समजून घेऊ या.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धूर छातीत ओढला, की ते सुमारे १० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. माणसाला क्षणभर बरे वाटते. पण हे बरे वाटणे टिकत नाही. सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते. मग माणूस बेचैन होतो. यालाच आपण तलफ म्हणतो. तो पुन्हा बिडी पेटवतो आणि बेचैनी जाते. त्याला वाटते, बिडीने आपल्याला आराम दिला. खरे पाहता ती बेचैनी आधीच्या बिडीनेच निर्माण केलेली असते. ज्याने घरात चोर शिरवला, त्यानेच पहाऱ्याची मजुरी मागावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरे कारण म्हणजे सवय. नागपुरात प्रताप नगरच्या चौकात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. चहाचा कप एका हातात आला, की कित्येकांचा दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो. जेवण झाले, की पाय पानठेल्याकडे वळतात. मित्र भेटला, की काडी पेटते. म्हणजे धूम्रपान करणारा माणूस दोन दोऱ्यांनी बांधलेला असतो. एक दोरी शरीराची आणि दुसरी सवयीची. दोन्ही दोऱ्या सुटल्या, तरच तो मोकळा होतो.

आता पहिला मार्ग पाहू. तो म्हणजे एकदम बंद करणे. पुष्कळांना याची भीती वाटते. "इतक्या वर्षांची सवय एकाएकी सोडली, तर तब्येत बिघडेल," असे ते म्हणतात. ही भीती दारूच्या बाबतीत योग्य आहे. अनेक वर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाएकी बंद केली, तर जिवाला धोका होऊ शकतो. तंबाखूचे तसे नाही. तो एकदम सोडल्याने त्रास होतो, पण जीव धोक्यात येत नाही.

याचे उदाहरण आपल्या घरांत दरवर्षी दिसते. रमजानचा महिना आठवा. रोज्यात पाण्याचा घोट चालत नाही, तसा धूरही चालत नाही. सहरीपासून इफ्तारपर्यंत, ऋतूप्रमाणे १२ ते १५ तास, बिडी ओढणारी माणसेही बिडीला हात लावत नाहीत. एरवी तासातासाला बिडी लागणारा माणूस दिवसभर तिच्यावाचून राहतो आणि आपले कामही करतो. बिडीच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू रक्तात जातो. सुमारे १२ तास धूम्रपान केले नाही, तर रक्तातले त्याचे प्रमाण पुन्हा सामान्य होते. म्हणजे इफ्तारच्या वेळेपर्यंत रोजेदाराचे रक्त या विषापासून बरेच स्वच्छ झालेले असते.

मग महिनाभर असे राहूनही ईदनंतर बिडी का सुटत नाही? कारण मगरिबची अजान झाली, की बिडी मिळणार आहे, हे मनाला दिवसभर ठाऊक असते. माणूस थांबलेला असतो. त्याने बिडी सोडलेली नसते. इफ्तारनंतरची पहिली बिडी तलफेला पुन्हा नवा जोर देते. थांबणे आणि सोडणे यांतला हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता दुसरा मार्ग, हळूहळू कमी करण्याचा. समजा, एक चाचा रोज २० बिड्या ओढतात. त्यांनी ठरवले, की या आठवड्यात १५, पुढच्या आठवड्यात १० आणि नंतर ५ बिड्या ओढायच्या. हा मार्ग सोपा वाटतो. मनावर एकदम ओझे पडत नाही. 'चहाबरोबरची बिडी आज घेतली नाही,' असे एकेक पाऊल टाकता येते. त्यामुळे सवयीची दोरी सैल होते आणि आपण हे करू शकतो, असा विश्वास वाटू लागतो.

पण या वाटेवर तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा असा, की संख्या कमी झाली तरी धूर तितका कमी होत नाही. शरीराला नेहमीचे निकोटीन हवे असते. म्हणून माणूस नकळत लांब झुरके घेतो, धूर छातीत जास्त वेळ धरतो आणि बिडी टोकापर्यंत ओढतो. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो. तरीही तेंदूच्या पानात गुंडाळलेली बिडी विझू नये म्हणून तिचे झुरके वरचेवर घ्यावे लागतात. त्यामुळे तिच्यातून निकोटीन आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी जात नाहीत, उलट जास्तच जातात.

दुसरा खड्डा असा, की उरलेली बिडी अधिक प्रिय होते. २० बिड्यांत एका बिडीची किंमत नसते. दिवसाला तीनच बिड्या उरल्या, की मन दिवसभर त्या तिघींचीच वाट पाहते.

तिसरा खड्डा सर्वांत खोल आहे. "मी आता कमी केली आहे," असे म्हणून माणूस तेथेच थांबतो. पाच बिड्यांवर तो वर्षानुवर्षे राहतो आणि पुढे काही काळजीचा दिवस आला, की पुन्हा वीसवर जातो. शिवाय पाच बिड्या म्हणजे वीस बिड्यांच्या चौथा हिस्सा नुकसान, असा हिशेब शरीर करत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा वाढीव धोका रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा! 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बचतीसाठी आहे, पण विषालाही ती लागू पडते.

या दोन मार्गांची तुलना शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष करून पाहिली आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ६९७ लोकांचे दोन गट केले. सर्वांना दोन आठवड्यांनंतरचा एक दिवस ठरवून दिला. पहिल्या गटाने त्या दिवसापर्यंत नेहमीप्रमाणे धूम्रपान केले आणि त्या दिवशी ते एकदम बंद केले. दुसऱ्या गटाने दोन आठवड्यांत प्रमाण चौथ्या हिश्शावर आणले आणि मग त्याच दिवशी बंद केले. दोन्ही गटांना सल्ला आणि निकोटीनची औषधे मिळत होती. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांनी पहिल्या गटातले शंभरात ४९ जण धूम्रपानापासून दूर होते, तर दुसऱ्या गटातले ३९. सहा महिन्यांनी हे प्रमाण शंभरात २२ आणि सुमारे १५ असे राहिले.

यावरून एकदम बंद करणारे पुढे असल्याचे दिसते. मात्र अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले, की दोन्ही मार्गांच्या यशात स्पष्ट फरक दिसत नाही. म्हणून ज्याला एकदम सोडणे जमत नाही, त्याने निराश होऊ नये. हळूहळू कमी करणाऱ्यांनीही बिडी सोडली आहे. पण त्या प्रयोगातली एक गोष्ट विसरू नका. हळूहळू कमी करणाऱ्या गटालाही शेवटचा दिवस ठरवून दिला होता. तारखेशिवाय कमी करणे म्हणजे मुक्कामाचे गाव न ठरवता प्रवासाला निघणे होय.

म्हणून घरातल्या कोणाला बिडी सोडायची असेल, तर त्यांनी आधी एक दिवस निश्चित करावा. तो फार लांबचा नसावा. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिवस असतो, तो चालेल. रमजानचा पहिला रोजा तर उत्तमच, कारण त्या दिवशी अर्धे काम आपोआप होते. इफ्तारनंतरचे दोन-तीन तास तेवढे सांभाळायचे असतात. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातली बंडले, काड्यापेट्या आणि राखदाणी काढून टाकावी. ज्या चौकात हात खिशाकडे जातो, तेथे काही दिवस जाऊ नये.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुतेक ओसरतो. तलफ आली, तरी ती काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी, चार पावले चालून यावे. ज्यांना फार त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम घ्यावा. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्लाही मिळतो.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. आपल्या विदर्भात काही जण बिडी सोडतात आणि खर्रा धरतात. हे आगीतून निघून फुफाट्यात पडण्यासारखे आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारीमुळे तोंडाची आतली कातडी कडक होते. पुढे तोंड उघडेनासे होते, घास घेणे कठीण जाते आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे ४ जण धूम्रपान करत होते, तर धूर न होणारा तंबाखू घेणारे सुमारे २४ होते. म्हणून सोडायचा तो तंबाखू सोडायचा, नुसता धूर नव्हे.

मुलांनो, यात तुमचेही काम आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतरात त्याची विक्री करता येत नाही. म्हणून "बेटा, एक बंडल घेऊन ये," असे कोणी म्हटले, तर अदबीने सांगा, "चाचा, दुसरे कोणतेही काम सांगा, हे मला जमणार नाही." वडीलमाणसांना टोचून बोलू नका. ऑक्सफर्डच्या प्रयोगात यशस्वी गटातलेही शंभरात ७८ जण सहा महिन्यांत मागे पडले, हे आठवा. अब्बूंनी सोडलेली बिडी पुन्हा हातात घेतली, तर "पाहा, मी म्हटलेच होते," असे म्हणू नका. "आता कोणता दिवस ठरवू या?" असे विचारा. पुष्कळांची बिडी अनेक प्रयत्नांनंतर सुटते.

शेवटची बिडी विझली, की शरीर लगेच दुरुस्तीला लागते. २० मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात. एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्मा होतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. पण ही गणती शेवटच्या बिडीपासून सुरू होते, कमी केलेल्या बिडीपासून नव्हे. कमी करणे हा रस्ता आहे. सोडणे हा मुक्काम आहे. रस्ता कोणताही निवडावा, पण मुक्कामाचा दिवस आजच ठरवावा.

शब्दार्थ
खोड – वाईट सवय
तलफ – व्यसनाच्या वस्तूची तीव्र इच्छा
झुरका – बिडी-सिगारेटचा एक दम
पक्षाघात – अर्धांगवायू, लकवा
फुफाटा – गरम राख, तापलेली धूळ
मुक्काम – पोहोचण्याचे, थांबण्याचे ठिकाण

स्वाध्याय
१. धूम्रपान करणारा माणूस कोणत्या दोन दोऱ्यांनी बांधलेला असतो?
२. 'थांबणे' आणि 'सोडणे' यांतला फरक रोज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
३. हळूहळू कमी करण्याच्या मार्गावरील तीन खड्डे तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'आगीतून निघून फुफाट्यात पडणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
५. बिडी सोडू इच्छिणाऱ्या आपल्या काकांना किंवा मामांना आठ-दहा ओळींचे पत्र लिहा.