जिलेबीच्या पलीकडे

पंधरा ऑगस्टच्या सकाळी ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत गृहसंस्थांच्या आवारांत बहुधा एकच दृश्य दिसते. फुलांच्या पाकळ्या घालून बांधलेला ध्वज, चिटणिसांची धांदल, अध्यक्षांच्या हस्ते ध्वजारोहण, राष्ट्रगीत आणि मुलांना गोळ्यांचे वाटप. घरी परतताना नाक्यावरून गरम जिलेबी! अर्ध्या तासात स्वातंत्र्यदिन आटोपतो.

या प्रथेला नावे ठेवण्याचे कारण नाही. नोकरीनिमित्त गावोगावहून येऊन वसलेली ही माणसे कोणाच्याही हुकमावाचून एकत्र येतात, ही गोष्ट सामान्य नव्हे. आक्षेप आहे तो राष्ट्रगीतानंतरच्या मौनाविषयी. ज्यांनी या भूमीत प्राण वेचले, त्यांची नावे तेथे क्वचितच उच्चारली जातात.

वास्तविक ती नावे फार दूरची नाहीत. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी देण्यात आले, ते ठाण्याच्याच तुरुंगात. औरंगाबादेस शिकणारे कान्हेरे तेव्हा आजच्या महाविद्यालयीन मुलांच्या वयाचे होते. तसेच कल्याणहून मुरबाडकडे गेले की सिद्धगड येतो. बेचाळीसच्या लढ्यात मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडणारे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तेथेच २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले कोतवाल पेशाने वकील होते; चार पैसे गाठीस बांधून सुखाने जगणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात. मात्र त्या स्मरणाचा धागा आपल्या आवारातील ध्वजस्तंभापर्यंत पोहोचत नाही.

परिणाम असा, की स्वातंत्र्य म्हणजे दूर दिल्लीत घडलेली आणि पाठ्यपुस्तकात संपलेली घटना, असे मुलांना वाटू लागते. जे आपल्या गावी घडलेच नाही, ते जपण्याची जबाबदारी तरी आपली कशी वाटावी?

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक इमारतीत एखादे शिक्षक राहतातच. त्यांनी पाच मिनिटे यांपैकी एकाची हकीकत सांगावी. पुढील वर्षी ती एखाद्या विद्यार्थ्याने सांगावी. जिलेबी अवश्य खावी. परंतु तिचा गोडवा कोणी कोणत्या किमतीने मिळवून दिला, हे मुलांना ठाऊक असावे.