उघडं दार

ऑगस्ट १८९३. पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी चालवलेल्या पुण्यातल्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी पाठीशी उभी राहिलेली माणसंच बाजूला झाली. पालकांनी पंचवीसेक मुली घरी नेल्या. ‘केसरी’ वृत्तपत्र तर आधीपासूनच रमाबाईंच्या मागे लागलं होतं.

निमित्त एका दाराचं. रमाबाई लेक मनोरमेसोबत आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दाराला कडी नसे. सदनातल्या मुली येऊन बसत. त्यांना बोलावणं नव्हतं आणि मज्जावही नव्हता. दार लावून घेतलं असतं तर वाद मिटला असता. रमाबाईंनी ते लावलं नाही.

पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि विधवा लेकीला शिकायला पाठवणं हेच त्या काळी मोठं धाडस. पण दार लावायचं म्हणजे आपली श्रद्धा चोरून जपायची, आणि आलेल्या मुलीला परत पाठवायचं. रमाबाईंच्याने दोन्ही झालं नसतं.

हा ताठ कणा पुण्यात आला नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून ख्रिस्ती मंडळींशीही त्यांचे खटके उडत होते. तिथल्या मठातल्या धर्मभगिनी आज्ञापालन मागत. रमाबाई कारण विचारत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या संतापल्या. पुण्यात बाटगी आणि वाँटेजमध्ये हट्टी, अशी दोन्हीकडून बोलणी त्यांनी खाल्ली.

राजीनाम्यांनंतर सदन बंद पडलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. आईवडील त्यांनी स्वतः दुष्काळातच गमावले होते. ती भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो छापखाना. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई उतारवयात पुन्हा विद्यार्थिनी झाली, हिब्रू आणि ग्रीक शिकली. संस्कृतावर एवढा अधिकार असूनही बायबलचं भाषांतर केलं ते जड शब्द टाळून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. छपाई मागे राहिलेल्या बायकांनी तडीस नेली.