सातपुड्यावर ढग चढला की खाली किती वेळ मिळतो?

मे-जूनमध्ये रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीबागा आडव्या होतात त्या बहुतेक वेळा दुपारनंतरच्या वादळी वाऱ्याने. घड भरलेला, खोडात नुसतं पाणी, लाकूड नाहीच. एक झोत पुरतो. मग तक्रार ठरलेली: मोबाईलवर आमच्या गावाचं नाव का आलं नाही?

कारण वादळ सकाळी तयारच नसतं. उन्हाने डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा गरम होऊन वर चढते. हवेत बाष्प असेल तर बारा-एकच्या सुमारास माथ्यावर कापसाच्या ढिगासारखे ढग दिसू लागतात. बरेचदा ते संध्याकाळी विरून जातात. एखाद्या दिवशी मात्र त्यातला एक 10 किलोमीटरपेक्षाही उंच वाढतो, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो. आत पाऊस सुरू झाला की हवा गार, जड होऊन खाली कोसळते आणि उतारावरून मैदानाकडे धावते. पावसाच्या आधी येणारा धुळीचा गार वारा तो हाच, आणि बागा तोच पाडतो. पुढच्या तापलेल्या हवेखाली तो पाचरीसारखा घुसतो, तिला वर ढकलतो, तिथे नवा ढग उभा राहतो. असं करत वादळ तापीकडे सरकतं. वरचा वारा उत्तर किंवा वायव्येचा असेल तर जास्तच.

बाष्प किती, वरचा वारा कुठला, हे हवामान खात्याला एक-दोन दिवस आधी कळतं. म्हणून जिल्ह्याला यलो किंवा ऑरेंज अलर्ट येतो. पण माथ्यावरच्या एवढ्या ढगांतून नेमका कोणता वाढणार, हे सकाळी कुठलाही कॉम्प्युटर सांगू शकत नाही. एका ढगाचं आयुष्यच तासाभराचं. तो वाढायला लागला की उपग्रह, रडार पाहून पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो. खरा कामाचा तोच. काल यलो होता आणि थेंब पडला नाही म्हणून आजचा मेसेज न वाचणं महागात पडतं. काल शेजारच्या तालुक्यात तो बरसलेला असू शकतो.

हिशेब सोपा आहे. ढग 30 किलोमीटरवर असेल आणि ताशी 40 ने येत असेल तर पाऊण तास, वारा त्याहून आधी. त्यामुळे अलर्टच्या दिवशी कापणीचे मजूर, गाडी सकाळीच लावलेली बरी. दुपारी एकनंतर डोंगराकडे नजर आणि फोनवर ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवावं. जवळपास नुकत्याच पडलेल्या विजा त्यात दिसतात. गरम वारा अचानक थांबून डोंगराकडून गार झुळूक आली, तर हातात मिनिटंच उरलेली असतात. गुरं झाडाखाली बांधलेली असली तर त्याआधीच सोडावीत.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा बागेतून निघून पक्क्या घरात जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.